गरम इंजिनाला पाना

फटफटी पुढे निघून गेली की मागे रस्त्यावर तेलाचे ठिपके पडतात आणि लोक ते कौतुकानं बघतात. तेल गळणं म्हणजे आत तेल भरपूर असल्याची खूण, असं आमच्याकडच्या शहाण्यांचं मत होतं. नट थोडा खुळखुळता असला तर गाडी मोकळी चालते, असंही एका गृहस्थानं मला तोंडावर सांगितलं होतं. अशा लोकांशी मी वाद घालत नसे. त्यांच्याकडे बघून नुसता हसायचो. ते हसणं त्यांना चांगलंच झोंबायचं आणि मला तेच हवं असायचं.

मी कारंज्याच्या एका लहानशा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. दुसरं युद्ध सुरू व्हायच्या दोन-चार वर्षं आधीचा हा काळ. दिवाळीपासून चैत्रापर्यंत कापसाचा हंगाम चालायचा, मग जिन बंद व्हायचं आणि हंगामी माणसं आपापल्या वाटेनं पांगायची. मी मात्र बारा महिने असायचो, कारण मालकांची फटफटी बारा महिने गळायची.

मालक कामरगावचे मोठे जमीनदार. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती फटफटी घेतली होती. बैलांची पारख करावी तर मालकांनीच, असं सगळा तालुका म्हणायचा, आणि नेमकं तेच त्या फटफटीला भोवलं. टाकीवर तेलाचा एक हातपंप होता. काही मैल गेलं की त्याचा दट्ट्या एकदा दाबायचा, एवढंच काम. पण मालक जिथे थांबतील तिथे, "थकली असंल बिचारी," म्हणत चार-पाच दट्टे मारायचे. बैलापुढे सरकी टाकताना त्यांचा हात जसा आखडत नसे, तसा इथेही आखडत नसे. मग मागून निळा धूर आणि खालून काळं तेल. कारंज्याच्या वेशीत शिरले की पोरं ओरडायची, मालक मिशीवर हात फिरवायचे, आणि मी जिनाच्या दारात उभा राहून कपाळाला हात लावायचो.

एका पोळ्याला तर त्यांनी कहर केला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायची आपल्याकडे रीत आहे. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांचा तो मान. मालकांनी विचार केला की फटफटीनंही वर्षभर ओढलंच आहे. त्यांनी हळद, तूप आणि थोडं पीठ कालवलं आणि तो लेप इंजिनाच्या अंगाला नीट चोळला. सणाच्या दुसऱ्या दिवशी ते कारंज्याला आले तेव्हा इंजिनाच्या एकूण एक सांध्यातून तेल पाझरत होतं. लेप तापून इंजिनावर थालीपिठासारखा भाजून निघाला होता.

त्या इंजिनाच्या खालच्या पेटीला हवेसाठी एक बारीक भोक असतं. आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो तसा पेटीतला वारा दाबला जातो, आणि तो ह्या भोकातून बाहेर पडायला हवा. भोक बुजलं की तोच वारा तेलाला पुढे घालून सापडेल त्या फटीतून बाहेर येतो. मग तुम्ही जगातले सगळे नट आवळा, गळती थांबायची नाही. मी काडी घालून भोक मोकळं केलं, आतून पिवळी खपली निघाली, आणि गळती तिथेच थांबली.

"मालक, तूप बैलाले लावा. ह्याले नोका लावू," मी म्हणालो.

"सणाचा दिवस होता ना लेका," मालक म्हणाले. "मुकं जनावर हाय ते. त्याले काय वाटलं असतं?"

मी पाना पुसला आणि आत गेलो.

ही विद्या मला एका फौजी मिस्त्रीनं दिली होती. पहिल्या युद्धात तो बसऱ्याला जाऊन आला होता, तिथे लष्कराच्या फटफट्या त्याच्या हाताखाली होत्या. परत येऊन कारंज्यात सायकली दुरुस्त करत बसला होता आणि सगळ्या गावाला शिव्या देत होता. माझं त्याच्याशी जमलं ते त्यामुळेच. तो म्हणायचा, "ठंडे में कसो. गरम में हाथ मत लगाना." त्याचं कारण त्यानं मला जमिनीवर आकृती काढून समजावलं होतं. आपल्याकडे गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ती लाल करून, गरम असताना. थंड झाली की ती आक्रसते आणि लाकडाला गच्च धरते. जिनातल्या वाफेच्या नळ्यांचे सांधेही आम्ही गरम असतानाच आवळायचो, कारण तिथे नळी लोखंडाची आणि बोल्टही लोखंडाचा. त्यामुळे गरम असताना आवळलेलं पक्कं बसतं, हे आमच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण फटफटीच्या इंजिनाची पेटी असते ॲल्युमिनियमची, ज्याच्या भांड्यांना आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणतात. ती तापली की लोखंडापेक्षा जास्त फुगते. फुगलेल्या पेटीवर नट आवळला तर थंड झाल्यावर पेटी खालच्या खाली आक्रसते आणि नट वर सैल राहतो. शिवाय गरम जर्मनचे आटे मऊ असतात, जोर केला की सोलून निघतात.

बाकीचे नियमही त्याचेच. एक नट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. समोरासमोरचे धरायचे, थोडा हा, थोडा तो, असं चार फेऱ्यांत. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. सांधा खरवडून स्वच्छ केल्याशिवाय पॅकिंगचा कागद बसवायचा नाही. नटाखाली फाटीचा, म्हणजे एका जागी चिरलेला, वायसर हवाच. आणि शेवटी बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून बारीक तार ओवून पिळून टाकायची, म्हणजे एक सैल व्हायला लागला की दुसरा त्याला धरतो.

हे सगळं मी घरी जेवताना बोलायचो. ऐकायला होती फक्त बायको. ती आमच्याच मुलखातल्या शिरपूरची, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची लेक. भाकर वाढता वाढता "हूं" म्हणायची. त्या "हूं"वरून मी ठरवून टाकलं होतं की हिच्या डोक्यात काही शिरत नाही. तरी बोलायचो, कारण बोललं नाही तर जेवण जात नसे. तीन वर्षं असं चाललं.

मग त्या तारेवरून झालं.

जिनातले तिघं जण त्या दिवशी घरी चहाला आले होते. एक तेल घालणारा, एक बॉयलरवाला आणि तिसरा वजनकाट्यावरचा कारकून. मला फटफटीचं काम दाखवून त्यांच्यापुढे थोडं मिरवायचं होतं. खुंटीवरची तार घ्यायला हात घातला तर तार नाही. बघतो तर बायकोनं विहिरीच्या बादलीची तुटकी कडी त्या तारेनं बांधलेली. ती तार मी कुठून कुठून मिळवली होती ते मलाच माहीत. मी त्या तिघांसमोर बादली उचलून दाखवली आणि म्हणालो, "ह्या भैताड बाईले तार आन सुतळी सारखीच. डोकं नाई हे, मडकं हाय नुसतं."

तेल घालणारा खो-खो हसला. बॉयलरवाल्यानं मान खाली घातली. कारकून म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, बायकाईले काय समजते त्यातलं."

"सोळा आने," मी म्हणालो.

ती आतून चहा घेऊन आली, तिघांसमोर ठेवला आणि परत आत गेली. दुसऱ्या दिवशी मी जिनात असताना मालेगावकडे जाणारी एक ओळखीची बैलगाडी तिनं धरली आणि माहेरी निघून गेली. घरी आलो तेव्हा बादलीच्या कडीला काथ्या गुंडाळलेला होता. तार सरळ करून, नीट वेटोळं करून, खुंटीला अडकवलेली होती. मी तेव्हाही मनात म्हणालो, एवढं तरी कळलं बाईला.

दोन महिने मी गेलो नाही. कुठे जाईल, येईल आपोआप, असं चारचौघांत म्हणत होतो. भाकरी स्वतः भाजत होतो आणि जाळत होतो. जेवताना बोलायला कुणी नव्हतं, ह्याचा इतका त्रास होईल असं मला वाटलं नव्हतं.

चैत्र संपता संपता शिरपूरचा एक माणूस सासऱ्याचा निरोप घेऊन आला. "आखाजीच्या आधी जवाई सोता आले तं ठीक. नाई तं आखाजी झाल्यावर पंच बसवतो आन काडीमोड करतो. पोरीले जलमभर बसवून ठेवनार नाई." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, ती तोंडावर आली होती, आणि आमच्यात तेव्हा ही नुसती धमकी नसायची. पंच बसले की तासाभरात सोक्षमोक्ष व्हायचा, आणि तिच्यासारख्या कष्टाळू बाईला पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, मागणी यायला वर्षही लागलं नसतं. निरोप्या निघून गेला. ती मला हवी होती. हे तोपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच.

शहाणा माणूस असता तर त्याच दिवशी बैलगाडीनं गेला असता. मी फटफटीनं जायचं ठरवलं. सासरच्यांच्या लेखी मी कोण होतो? ना शेत, ना बैल, नुसता नट पिळणारा. माझा मेव्हणा तर मला विचारायचा, "काय जवाई, यंदा किती एकर नट पेरले?" अशा लोकांच्या अंगणात मला फटफट वाजवत शिरायचं होतं. मालकांनी लगेच हो म्हटलं. घरच्या लक्ष्मीला आणायला जातोस म्हणाले, घेऊन जा.

निघायच्या आदल्या दिवशी कामरगावला त्यांच्या गोठ्याशेजारी बसून मी इंजिनाचा एकेक नट तपासला. थंड असताना, समोरासमोरचे, चार फेऱ्यांत. नवं पॅकिंग, नवे वायसर. शेवटी तीच खुंटीवरची तार ओवली आणि पिळली. एक थेंब गळणार नव्हता. त्या कामाला आजही कुणी नावं ठेवून दाखवावीत.

आखाजीच्या आदल्या सकाळी फटफटी घ्यायला गेलो तर मालकांनी तिला झेंडूचा हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि इंजिनावर पिवळं पिवळं काही तरी दिसत होतं. पूजेची हळद असेल म्हणून मी वरवर फडका मारला आणि निघालो. पोळ्याचं सगळं मला आठवायला हवं होतं. पण मालकांच्या अडाणीपणाला मनातल्या मनात हसण्यात मी इतका गुंग होतो की वाकून बघायचं राहून गेलं.

कारंजा मागे पडलं. रस्ता मुरमाचा, ऊन वैशाखाचं. शेलूबाजारला पोचलो तेव्हा तिथे बाजार भरलेला होता. गर्दीमुळे हळू झालो आणि पायाला काही तरी ओलं लागलं. धोतराचा सोगा काळा झाला होता. पेटीच्या सांध्यातून तेल येत होतं, थेंब थेंब नाही, चांगली ओळ धरून.

मी एका लोहाराच्या सपराजवळ उतरलो. क्षणात माणसं जमली. कुणी म्हणालं फुटली, कुणी म्हणालं म्हातारी झाली. एक जण बोट बुडवून तेलाचा वास घेऊ लागला. एवढ्या शहाण्यांना ओलांडून पुढे आला तो लोहार.

"आवळा ना मंग," तो म्हणाला. "गरम हाय तवरच आवळा. थंडी झाली का धावेसारखी पकडते."

"तसं नसते ते," मी म्हणालो.

"कसं नसते? तीस वर्ष धावा चढवून राह्यलो मी. तुमी किती चढवल्या?"

गर्दी हसली. एक जण म्हणाला, "मिस्त्रीले आवळता येत नाई वाटते." परत सगळे हसले.

मला नियम पाठ होता. लिंबाच्या सावलीत तासभर बसायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं, मग कारण शोधायचं. वेळ भरपूर होता. सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता आणि शिरपूरला संध्याकाळपर्यंत पोचलो तरी चाललं असतं. पण तासभर त्या लोकांचं हसणं ऐकत बसायचं माझ्यानं झालं नाही. दुसऱ्यांना हसत आलेल्या माणसाला स्वतःवर हसलेलं मुळीच सोसत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

मी पक्कड काढली आणि ती तार कापली. ज्या तारेपायी बायकोला मडकं म्हणालो होतो, ती तार मी शेलूबाजारच्या बाजारात चार रिकामटेकड्यांसाठी कापली आणि तुकडे खिशात टाकले. पाना लावला आणि मनगट सोडून खांद्यानं जोर दिला. तिसऱ्या नटाला हात मऊ लागला. मळलेल्या कणकेत बोट जावं तसा पाना पुढे गेला. आटे गेले, हे मला त्याच क्षणी कळलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. इंजिन तेवढा वेळ बंद होतं म्हणून तेलाची ओळ थांबली होती. लोकांना वाटलं आवळल्यामुळे थांबली. लोहार म्हणाला, "पाह्यलं?" आणि मी, मला सांगायला आजही लाज वाटते, त्याच्याकडे बघून मान हलवली.

मालेगावच्या पुढे एका विहिरीपाशी पाणी प्यायला थांबलो. आंब्याखाली थोडा टेकलो. इंजिन निवलं. परत सुरू केलं तर सगळेच नट बोटांनी फिरतील इतके सैल. आवळून बघितले, पण आटे गेलेला नट नुसताच फिरत राहिला आणि आता तेल ओळीनं नाही, धारेनं येऊ लागलं. ठिकठिकाणी थांबत, पंप मारत, डब्यातलं शिल्लक तेल ओतत मी रेटत राहिलो. शिरपूर कोस-दीड कोस उरलं तेव्हा डबा रिकामा झाला. तेलाशिवाय चालवली असती तर इंजिन जागीच धरलं असतं. निदान तेवढी अक्कल शिल्लक होती. मी ती ढकलत नेली.

सासऱ्याच्या अंगणात पोचलो तेव्हा तिथे गाडीच्या चाकाला धाव चढवायचं काम चाललं होतं. पावसाळ्याआधी सगळ्या गाड्या दुरुस्त करून घ्यायचे ते दिवसच असतात. गोवऱ्यांचा आर पेटलेला, त्यात धाव लाल झालेली, चार माणसं सांडशी धरून उभी. माझं धोतर काळं, हात काळे, तोंडावर मुरमाची धूळ आणि शेजारी हार घातलेली मुकी फटफटी.

"आले का जवाई?" मेव्हणा म्हणाला. "का तिलेच घेऊन आले खांद्यावर?"

सासरा हसला नाही. त्यानं मला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाला, "आले हे बरं झालं. काय झालं पन हे?"

मी तोंड सोडलं. मालकांच्या अडाणीपणापासून सुरू केलं. शेलूबाजारचा लोहार, तिथली माणसं, सरकारचा रस्ता, साहेबानं विकलेला माल, कुणाला म्हणून सोडलं नाही. मी इतका छान बोलत होतो की धाव चढवणारेही ऐकायला लागले. तेवढ्यात ती घरातून बाहेर आली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. फटफटीजवळ उकिडवी बसली आणि इंजिनाकडे बघत राहिली.

"तार कुठी हाय?" तिनं विचारलं.

मी खिशातून तुकडे काढून दाखवले.

"म्हंजे कापली. गरम असतानी आवळलं का?"

धावेवरची सांडशी तशीच धरलेली. खोटं बोलायला मला पाहिजे तेवढी जागा होती. त्या लोहारानं आवळलं म्हणालो असतो तर कोण शेलूबाजारला विचारायला जाणार होतं?

"हाव," मी म्हणालो.

"जर्मनचं हाय ते. धावेसारखं वागते का ते?" ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग इंजिनाच्या बाजूला वाकून विचारलं, "आन हवेचं भोक पाह्यलं होतं का?"

तेव्हा कुठे मला पोळा आठवला. तिनं खराट्याची एक काडी मोडली, भोक शोधलं आणि काडी आत घालून फिरवली. भाजलेल्या हळद-पिठाची पिवळी खपली बाहेर आली. ती तिनं तळहातावर घेतली आणि माझ्यापुढे धरली. म्हणजे नट आवळायची गरजच नव्हती. माझे नट बरोबर होते. शेलूबाजारला एक काडी घातली असती तर मी हसत हसत त्या अंगणात शिरलो असतो.

"तुले कसं ठाऊक हे?" मी विचारलं.

"तीन वर्ष भाकर वाढून राह्यली तुमाले. कान काय चुलीत घालून बसत होती मी?"

मेव्हणा मोठ्यानं हसला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सांडशीकडे वळला.

सासऱ्यानं विचारलं, "मंग, जातं का बाई ह्याईच्या संगं? का पंच बसवू?"

ती उठली आणि हात पदराला पुसले. "पंच नोका बसवू बाबा," ती म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिघाईसमोर मले भैताड म्हनलं तुमी. आता त्याच तिघाईले सांगून या, का आज काय केलं. समजत असून केलं, हेबी सांगा. मंग येते मी."

"तिघाईले?"

"तिघाईले."

दुसऱ्या दिवशी आखाजीचं जेवण मी सासऱ्याकडे जेवलो. माझ्या पानात तिनंच वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्याच्या गाडीत फटफटी चढवून, नव्या धावेच्या चाकांवर, बैलांच्या चालीनं मी परत निघालो. शेलूबाजारातून जाताना लोहार सपराबाहेर आला आणि गाडीतल्या फटफटीकडे बघत उभा राहिला.

मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे लेका, चुकी माहीच." त्यांच्या ह्या चांगुलपणाचा मला फार राग आला. मी नवे मोठे आटे पाडून तो बोल्ट बसवला, थंड असताना.

मग तेल घालणाऱ्याला गाठलं. त्याला सांगताना माझी जीभ तीनदा अडखळली. तो ह्या वेळी हसला नाही, उलट घाबरला, मिस्त्रीचं डोकं फिरलं की काय म्हणून. बॉयलरवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्या दिशी मलेबी वाईट वाटलं होतं. वहिनीनं चहा किती चांगला केला होता." राहिला कारकून. पण हंगाम संपला होता आणि तो खानदेशाकडच्या कुठल्या तरी जिनात गेला होता. कुठल्या, ते कुणालाच सांगता येईना. मी दोन गावांना पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

वैशाख संपता संपता परत शिरपूरला गेलो, ह्या वेळी बैलगाडीनं. तिला खरं ते सांगितलं. दोघांना सांगून झालं, तिसरा सापडत नाही. ती मग आत जाऊन पेटी घेऊन आली.

"येते," ती म्हणाली. "पन एक राह्यला हे याद ठेवजा."

तिनं मला ते विसरू दिलं नाही. पुढे कित्येक वर्षं, मी जेवताना कुणाची टवाळी करायला लागलो, मालकांची, शेजाऱ्यांची, नव्या मोटारवाल्यांची, की ती भाकर वाढता वाढता विचारायची, "तिसऱ्याचं काय झालं?" मी टवाळी तिथेच सोडून जेवायला लागायचो. फटफटीचे नट दर पंधरवड्याला ती माझ्या शेजारी बसून मोजायची. हवेच्या भोकात काडी तीच घालायची. मालकांची फटफटी विकली जाईपर्यंत तिच्यातून पुन्हा एक थेंब गळला नाही.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या जेवणाला परत आवाज नाही. कारकून जिवंत असेल की नाही, ठाऊक नाही. असलाच, आणि कधी कुणी त्याला हे वाचून दाखवलं, तर त्यानं एवढंच ऐकावं. त्या दिवशी चहा घेताना तुम्ही म्हणालात, बायकांना काय समजतं त्यातलं, आणि मी म्हणालो, सोळा आणे. तिला सगळं समजत होतं. भैताड मी होतो.